शेरा : मोडीत

पाटणकर बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
मंगळवार, १६ ऑक्टोबर १९५६

श्री. कान्होजी जगदाळे, मिस्त्री,
सरकारी वर्कशॉप, शिवपुरी, यांस —

आज सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझा अपमान झाला. झाशीच्या कॉन्व्हेंटात मदर बेनेडिक्टा आम्हांला शिकवत की तक्रार करायची तर आधी तारीख लिहावी, मग वेळ, मग हकीकत. रडायचं असेल तर सगळ्यांत शेवटी आणि वेगळ्या कागदावर. तो वेगळा कागद मी घेतलेला नाही.

जागा : मोटारींच्या कचेरीबाहेरचा फळा. त्यावर आज यादी लागली. मध्य भारत संपायला पंधरा दिवस राहिले, तेव्हा सरकारच्या कोणत्या मोटारी भोपाळला जाणार, कोणत्या इथे राहणार आणि कोणत्या ३० तारखेला दुपारी बारा वाजता फूलबागेच्या मैदानावर लिलावात निघणार, त्याची ही यादी. शिक्षणखात्याच्या दोन ओळी मी पाठ केल्या आहेत. नंबर एकवीस, फोर्ड व्ही-एट, १९३७ : इंजन उत्तम, गिअर-शाफ्ट उत्तम, हाताळणी उत्तम, शेरा – चालू. नंबर बावीस, शेवरलेट, १९३७ : तिन्ही रकाने कोरे, शेरा – मोडीत. खाली : तपासणारे, का. जगदाळे.

बावीस नंबरच्या ओळीवर बोट ठेवून मी तिसऱ्यांदा वाचत होते. शेजारी एक भंगारवाला उभा होता. तो फार अदबीनं म्हणाला, "माताजी, आप भी बोली लगाएँगी?" तेव्हा माझ्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा मी मुलींच्या शाळांची इन्स्पेक्ट्रेस होते. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला तेव्हाही तीच होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि येत्या एक तारखेला सगळी दप्तरं भोपाळला जातील तेव्हा मला ओळखणारं टेबलसुद्धा इथे उरणार नाही. त्याची माझी तक्रार नाही. राज्यांचं ते चालायचंच. पण बावीस नंबर मोडीत? आणि तेही तुमच्या सहीनं?

तुम्ही ८ तारखेला तपासणीसाठी आलात आणि दिवसभर गॅरेजात होतात, असं मला आज समजलं. तिथून माझं घर पायी दहा मिनिटं. तुम्ही आला नाहीत. आठ वर्षांत आला नाहीत, त्यातलाच तो एक दिवस, असं म्हणून मी हे सोडून देते. सोडून दिलेलं नाही, हे तुम्हांला कळेलच.

आता मुद्द्यावर येते. दोन मोटारी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर ती मलाही येते. तुम्हीच शिकवली आहे.

आधी इंजन. फोर्डचं इंजन मी कधी नाकारलं नाही. आठ सिलिंडर, चार इकडे चार तिकडे, आणि चालू केल्यावर आवाज असा की मोठ्या घरातली माणसं दुपारी हळू बोलतात तसा. पाय दाबला की मागची धूळ उठायच्या आत आपण पुढच्या मैलाच्या दगडापाशी. इतकं देखणं पळणं मी दुसऱ्या गाडीत पाहिलं नाही. मे महिन्यात ती पाणी जरा जास्त मागायची. आठ जणांच्या घरात ते लागणारच. पण शेवरलेट? सहा सिलिंडर एका रांगेत, सकाळच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारखे. व्हॉल्व डोक्यावर, म्हणून टॅपेटची ती टिकटिक. पहिल्या दिवशी मी घाबरून विचारलं होतं की हे काय वाजतंय. तुम्ही म्हणालात, "बाईसाहेब, वाजतंय तोवर काळजी नाही. थांबलं की मला बोलवा." टॉप गिअरमध्ये बैलगाडीच्या मागे तिला मैलभर चालवावी, आणि वाट मोकळी झाली की त्याच गिअरमध्ये तिनं मुकाट्यानं ओढत निघावं. फोर्ड धावणारी होती, शेवरलेट ओढणारी. आणि मुलींच्या शाळा काही डांबरी रस्त्यांच्या कडेला नव्हत्या.

मग गिअर आणि शाफ्ट. दोघींचा शाफ्ट नळीत बंद, चंबळेकडची वाळू कितीही उडाली तरी आत शिरत नाही. इथे दोघींना सारखेच गुण. फोर्डचा गिअर छोटासा आणि नेमका पडतो, जसं शिस्तीच्या बाईनं पुस्तक मिटावं. शेवरलेटचा क्लच मऊ. पण नदीत खरी परीक्षा. त्रेचाळीसच्या श्रावणात आपण सिंध नदीच्या उतारावर उभे होतो, ते आठवतं का? फोर्डचा ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर इंजनाच्या पुढ्यात, खाली. शेवरलेटचा बाजूला, उंचावर. तुम्ही मुलांच्या शाळांचे इन्स्पेक्टर मुकुंदराव यांना सांगितलंत, "साहेब, पंख्याचा पट्टा काढून मग पाण्यात घाला, नाहीतर पंखा पाणी उडवेल." मुकुंदराव म्हणाले, "मिस्त्री, मला मोटर शिकवू नका." नदीच्या मध्यावर पंख्यानं पाणी उडवलं, डिस्ट्रिब्युटर भिजला, आणि मुकुंदराव जोडे हातात घेऊन फोर्डच्या टपावर बसले. तुम्ही बावीस नंबरचा पट्टा काढून माझ्या मांडीवर ठेवलात आणि म्हणालात, "चला, बाईसाहेब. पाय हलवायचा नाही." मी त्यांच्या शेजारून गेले. नमस्कारही केला.

हाताळणी. फोर्डचे कमानीचे पाटे आडवे, पुढे एक, मागे एक, म्हणून वळणावर ती पालखीसारखी झुलते. स्टिअरिंग मात्र हलकं, बोटांनी फिरावं असं. शेवरलेटचे पाटे उभे, लांब. स्टिअरिंग जड, पण रस्ता काय म्हणतोय ते तळहाताला सांगणारं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा क्लच सोडताना गाडी दर वेळी बकरीसारखी उडी मारायची. गॅरेजातले सगळे हसत होते. तुम्ही एकटे हसला नाहीत. "बाईसाहेब, मोडी लिहिता ना?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, लिहिते, वडिलांनी शिकवली. "मग टाक उचलता का मधेच? तसाच पाय. ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही." त्या दिवसापासून ती उडाली नाही. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली शिकवण. मी शेकडो शिक्षिका तपासल्या आहेत, तेव्हा हे मी जबाबदारीनं लिहिते.

ब्रेकचा विषय मी मुद्दाम सोडते आहे.

सतरा वर्षं मी त्या गाडीची नोंदवही ठेवली. प्रत्येक मैल, प्रत्येक गॅलन, माझ्या मोडी अक्षरात. आता फोर्ड भोपाळला जाणार आणि शेवरलेट भंगारात गेली, की इथल्या मुलींच्या शाळांना एकही गाडी उरत नाही. माझ्या जागी शामला आली आहे, माझीच विद्यार्थिनी. तिनं भिंड आणि श्योपूरच्या गावांना काय बैलगाडीनं जायचं? जिथे इन्स्पेक्ट्रेस पोचत नाही तिथली शाळा फक्त हजेरीपटावर भरते. हे तुम्हांला सांगायला नको. दर वेळी दारात गाडी उभी करून आतल्या मुली मोजून तुम्हीच मला सांगायचात, "पटावर चाळीस, डोकी अकरा."

ती गाडी मोडीत आहे असं लिहिणारा माणूस एकतर कान्होजी जगदाळे नाही, किंवा त्याला मला काही सांगायचं आहे आणि तोंडानं सांगायची हिंमत नाही. शेरा मागे घ्या.

सरोजिनी मोहोळकर
(निवृत्त)


लष्कर, ग्वाल्हेर
शनिवार, २० ऑक्टोबर १९५६

कान्होजी,

मंगळवारचं पत्र पोचलं असेल. फाडू नका. त्यातलं मोटारींबद्दलचं सगळं खरं आहे. फक्त तुमच्याबद्दलचं चूक निघालं.

काल कचेरीत जाऊन मी तुमचा मूळ कागद मागितला. यादी तयार करणारा कारकून म्हणजे आमच्या शेजारच्या सुधाताईंचा गोपाळकृष्ण. लहानपणी माझ्या पेरूच्या झाडावर असायचा, आता सरकारी खुर्चीवर आहे. त्यानं फाइल काढली, कागद माझ्यापुढे ठेवला. तुमचं अक्षर पाहून म्हणाला, "मावशी, या मिस्त्रींची लिखावट किती टेढी आहे ना?" मी कागद माझ्याकडे ओढला.

शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलं आहे : नोंदवही मोडीत.

"गोपाळ, इथे दोन शब्द आहेत. यादीत एकच आहे. नोंदवही कुठे गेली?"

"खाना छोटा होता ना, मावशी. दोन शब्द बसत नव्हते. मग जो खास होता तो घेतला."

"खास?"

"मोडीत म्हणजे मोडलेली. मतलब कबाड़. आई नाही का म्हणत, जुनी भांडी मोडीत घाल? आता वही मोडीत असो की गाडी, बात तर एकच."

"अरे, मोडी ही लिपी आहे!"

"लिपी?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला रात्री भूत दिसलं म्हणून सांगत होते. "मराठीची लिपी तर नागरी असते."

"तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं दप्तरात मोडीत काढली!"

"मग ते पण कबाड़मध्येच म्हणायचे," असं म्हणून तो हसला, माझं तोंड पाहून थांबला, आणि मग स्टूल पुढे सरकवून म्हणाला, "मावशी, बसा ना आधी. पानी मँगवाऊँ?"

"ते तिन्ही रकाने कोरे का ठेवलेस? इथे तर भरलेले आहेत."

"कबाड़ की तारीफ़ कैसे लिखता, मावशी? साहेब म्हणाले असते, एवढी उत्तम आहे तर मोडीत कशी?"

बघा, इतका विचार त्यानं केला. एक पाऊल आणखी टाकलं असतं तर खऱ्या उत्तरापर्यंत पोचला असता. पण त्याला मी रागावू शकले नाही, कारण नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर 'नोंद मोडीत' असं लाल शाईनं मीच लिहून ठेवलं होतं. त्या काळचे ड्रायव्हर मैल वाढवून लिहायचे आणि मोडी त्यांना येत नसे, म्हणून मी ही युक्ती केली आणि फार खूश होते. तुम्ही तेच शब्द कागदावर उतरवलेत, पुढच्या माणसाला वही वाचायला अडचण पडू नये म्हणून. म्हणजे बावीस नंबर मोडीत काढली ती शेवटी माझ्याच हातानं.

तुम्ही तिच्याबद्दल जे लिहिलं आहे ते मी उतरवून आणलं आहे. "इंजन – उत्तम. टॅपेट बोलतात, बोलू द्यावेत. गिअर-शाफ्ट – उत्तम. क्लचची प्लेट एकदाच बदलली, असं दुसऱ्या गाडीत पाहिलं नाही. हाताळणी – उत्तम. एका हातात राहिलेली गाडी."

एका हातात राहिलेली गाडी. तुम्ही माझ्या तोंडावर कधी एवढं बोलला नाहीत. दर वर्षी खंडेनवमीला दोघींना झेंडूचे हार घालताना मी विचारायचे की खरं सांगा, दोघींत सरस कोण, आणि तुम्ही कुंकवाची वाटी बघत म्हणायचात, "दोन्ही चांगल्या, बाईसाहेब." यंदा दोघींपैकी एकीलाही हार नव्हता. मी पाहून आले.

फोर्डचा कागदही खालीच होता. तिला तुम्ही मनापासून गुण दिलेत ते मला मान्य आहे. त्यात हाताळणीपुढे एक ओळ आहे : "पुढच्या चाकांचा धुरा १९४८ साली सरळ केलेला." ती मी दोनदा वाचली. तिच्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

गोपाळ म्हणतो की यादी साहेबांच्या सहीनं लागली, तेव्हा ती बदलायला तपासणाऱ्याची लेखी दुरुस्ती लागेल. तेवढी उलट टपालानं पाठवा. एक वाक्य पुरे.

सरोजिनी मोहोळकर


लष्कर, ग्वाल्हेर
गुरुवार, २५ ऑक्टोबर १९५६

कान्होजीराव,

तुमचं कार्ड काल दुपारी आलं. तीनच ओळी. "दुरुस्ती लिहून देतो, पण माझ्या कागदावर कचेरी लिलाव थांबवणार नाही. कारण बाईसाहेबांस ठाऊक आहे. गाडी रोज एकदा हँडल मारून चालू ठेवायला सांगावं, बॅटरी उतरेल."

आठ वर्षांनी आलेलं पत्र, आणि त्यात काळजी बॅटरीची.

आज सकाळी ते कार्ड घेऊन मी साहेबांकडे गेले. सभ्य माणूस आहे. उठून उभा राहिला. त्यानं तुमचं सेवापुस्तक मागवलं, पान उलटलं आणि माझ्याकडे फिरवलं. लाल शाईची ओळ. तारीख १४ जून १९४८, बेपर्वाईनं गाडी चालवून सरकारी मोटारीचं नुकसान, फोरमनच्या जागेवरून उतरवून शिवपुरीस बदली.

"मैडम," तो म्हणाला, "जिस आदमी ने खुद सरकारी गाड़ी दीवार पर दे मारी, उसके कहने से मैं नीलाम रोक दूँ? ऊपर क्या जवाब दूँगा?"

"गाडी तो चालवत नव्हता," मी म्हटलं.

"तो कौन चला रहा था?"

मी त्याच्याकडे कागद मागितला. लिहिलं ते त्याच्याच टेबलावर, उभ्यानं. खाली देते ती त्याची नक्कल. तुम्हांला सगळं माहीत आहे, पण माझ्या अक्षरात कधी पाहिलं नसेल.

"सोमवार, १४ जून १९४८, सकाळी अकरा वाजून पंचवीस मिनिटं. जागा : झाशीच्या रस्त्यावरच्या जकातनाक्याची भिंत. त्या दिवशी व्हॉल्व घासण्यासाठी शेवरलेटचं इंजन उघडलेलं होतं, म्हणून डबरा गावच्या मुलींच्या शाळेसाठी मिस्त्री जगदाळे यांनी फोर्ड काढली. वाटेत स्टिअरिंगचं चक्र मी घेतलं. नाक्याजवळ एक गाडा आडवा आला. शेवरलेटचे ब्रेक तेलाचे, पाय टेकवला की चारी चाकं ऐकतात. फोर्डचे तारेचे; ते आधी आणि जोर लावून दाबायचे असतात, आणि तसे दाबले की तेही तितक्याच इमानानं थांबवतात. मिस्त्रींनी हे मला निघतानाच दोनदा सांगितलं होतं. मी शेवरलेटचा पाय फोर्डवर ठेवला. दोष गाडीचा नव्हता, मिस्त्रींचा नव्हता. पायाचा होता, आणि तो पाय माझा होता. मिस्त्रींचं उजवं मनगट मोडलं. मला खरचटलंही नाही."

एवढं साहेबांना. पुढचं फक्त तुम्हांला.

मी चक्र का घेतलं ते मी कागदावर लिहिलं नाही. दहा वर्षं मी फोर्डला नावं ठेवत होते. त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "नावं ठेवायची तर एकदा हाकून तरी बघा, बाईसाहेब." मी बसले. आणि मला ती इतकी आवडली की मला स्वतःचीच लाज वाटली. ते आठ सिलिंडर, ती हलकी बोटं, दोन्ही बाजूंनी सुटत जाणाऱ्या बाभळींच्या रांगा. मी मोठ्यानं हसले होते, आठवतं? "बावीस नंबरला सांगू नका हं," असं म्हणाले होते. तुम्हीही हसलात. आणि मग तो गाडा.

मनगट धरून बसलेले तुम्ही म्हणालात, "उतरा. पलीकडच्या दारानं उतरा, लोक यायच्या आत." मला समजेना. "मध्य भारत सतरा दिवसांचा आहे, बाईसाहेब. बाईनं सरकारी गाडी ठोकली हे पहिल्याच महिन्यात वर गेलं, तर मुलींच्या शाळांची गाडी उद्या काढून घेतील. मिस्त्री तर गाड्या ठोकतातच." मी पलीकडच्या दारानं उतरले. तुम्ही सरकून माझ्या जागी बसलात, त्या मनगटासकट.

गाडी टिकली. मी तिच्यातून आणखी सात वर्षं हिंडले. त्या सात वर्षांत उघडलेल्या शाळांची यादी माझ्या निरोप समारंभात वाचली गेली, टाळ्या झाल्या, आणि मी त्या घेतल्या. तुमचं कारण बरोबर होतं, पण ते महिनाभर बरोबर होतं. फार तर सहा महिने. त्यानंतर गप्प राहण्याचं कारण मुलींच्या शाळा नव्हत्या, मी होते. एकावन्न साली बसस्टँडवर तुम्ही मला पाहिलंत. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तुम्ही गेल्यावर लक्षात आलं की ते उलटं होतं. तुमच्याही लक्षात आलं असणार.

आणि मग परवा मी तुम्हांला लिहिलं की तुमच्यात तोंडानं सांगायची हिंमत नाही. मी! तुम्हांला!

साहेबानं कागद वाचला. पुन्हा वाचला. "मैडम, इसका नतीजा आप समझती हैं? जाँच बैठेगी, आपकी पेन्शन तक जा सकती है."

मी म्हटलं, "पंचवीस वर्षं मी शाळा तपासल्या. चूक कबूल करणाऱ्या मुलीला काय करावं ते मी शिक्षिकांना सांगत आले. आठ वर्षं कबूल न करणाऱ्या इन्स्पेक्ट्रेसचं काय करावं, ते तुम्ही ठरवा. पण ती लाल ओळ भोपाळला जाता कामा नये."

गोपाळ दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो माझ्या कागदावर आवक क्रमांक घालायला पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, यात कुठला शब्द गाळायचा नाही ना?" मी म्हटलं, "एकही नाही." त्यानं पूर्ण उतरवून घेतला, रकान्याच्या बाहेर गेला तरी.

साहेबांचं म्हणणं असं. चौकशी होईपर्यंत ती ओळ पुसता येत नाही, पण माझा कागद तुमच्या सेवापुस्तकाला जोडून जाईल आणि तोवर तुमचा शब्द धरला जाईल. तुमच्या हातची दुरुस्ती सोमवारी २९ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत टेबलावर आली, तर मंगळवारच्या लिलावातून बावीस नंबर काढली जाईल आणि इथल्या मुलींच्या शाळांकडे राहील. पाच वाजून एक मिनिटानं आली तर त्या भंगारवाल्याकडे जाईल. म्हणून हे पत्र टपालानं न पाठवता शिवपुरीच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देते आहे. तोच परत येताना तुमचा कागद घेऊन येईल. मी त्याला दम दिला आहे.

हँडल रोज शामला मारते. पहिल्या दिवशी हाताला झटका बसला, दुसऱ्या दिवशी अंगठा बाहेर ठेवायला शिकली. इंजन चालू झालं की बोनेट उघडून टिकटिक ऐकत उभी राहते. खात्याचा ड्रायव्हर भोपाळला चालला, तेव्हा तिला आता चालवायला शिकावं लागेल. मला विचारते, "बाई, तुम्ही शिकवाल?" मी तिला खरं ते सांगितलं, की मला चालवता येतं, शिकवता येत नाही. ज्याला येतं तो शिवपुरीला आहे, आणि तो हसत नाही.

माफी मी या पत्रात मागत नाही. ती समोर उभं राहून मागायची असते, आणि त्यासाठी मी शिवपुरीला यायला तयार आहे. गाडीनं नाही, बसनं. पण शामलाला शिकवायला तुम्ही आलात तर माझी बस वाचेल, आणि दहा मिनिटांवरच्या त्या घरात तुमच्यासाठी पाट मांडलेला असेल.

तेव्हा कचेरीचा कागद नागरीत लिहा, मोठ्या अक्षरात, 'नोंदवही' हा शब्द गोपाळला दिसेल असा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. ते वाकडं का आहे हे आता कागदोपत्री आहे.

मला मात्र वेगळं उत्तर हवं. दोनच प्रश्न आहेत. येणार की नाही? आणि दोघींत सरस कोण? "दोन्ही चांगल्या" हे उत्तर धरलं जाणार नाही.

उत्तर लेखी पाहिजे. सोमवार, २९ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत. आणि मोडीत.

सरोजिनी मोहोळकर